उशिराचा हिशेब

दिवाळीच्या दिवसांत रात्री साडेआठ-नऊच्या सुमाराला कुंभ रास महाराष्ट्राच्या आकाशात दक्षिणेला चांगली वर आलेली असते. या राशीत ठळक तारे फारसे नाहीत. शहरातून ती ओळखणंही अवघड जातं. तिच्यातच, मीन राशीकडच्या बाजूला, एक लालसर खुजा तारा आहे. तो आपल्यापासून जेमतेम ४० प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे आपल्या जवळच्या ताऱ्यांपैकीच एक. तरीही साध्या डोळ्यांना कसाबसा दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षा तो लाखाहून अधिक पटींनी मंद आहे. त्याचं नाव ट्रॅपिस्ट-१.

या ताऱ्याभोवती सात ग्रह फिरतात. सातही आकारानं पृथ्वीच्या आसपासचे. त्यातल्या एकाचंही ठिपक्याएवढं चित्र आजवर कोणी घेऊ शकलेलं नाही. तरी त्या प्रत्येकाचं वजन आज तीन ते पाच टक्क्यांच्या अचूकतेनं माहीत आहे. ही वजनं घड्याळातून मिळाली. प्रत्येक ग्रह ताऱ्यासमोरून जाण्याच्या ठरल्या वेळेपेक्षा किती लवकर आला, किती उशिरा आला, याचा हिशेब वर्षानुवर्षं ठेवला गेला आणि त्या हिशेबातून ग्रहांची वजनं निघाली.

विज्ञानाच्या मोठ्या बातम्यांत आपल्याला महाकाय यंत्रं दिसतात, अब्जावधींचे आकडे दिसतात. इथे नायक आहे तो नोंदवहीतला एक स्तंभ: अपेक्षित वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांतला फरक. हा स्तंभ निष्ठेनं भरत राहणाऱ्यांनी काय मिळवलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

मंद ताऱ्यावरची पैज

८ जून २००४ आणि ६ जून २०१२ या दिवशी शुक्राचं अधिक्रमण झालं, तेव्हा सूर्याच्या तबकडीवरून सरकणारा तो काळा ठिपका महाराष्ट्रात अनेकांनी गाळणीचा चष्मा लावून पाहिला. दूरच्या ताऱ्यांचे ग्रहही असेच ताऱ्यासमोरून जातात. फरक इतकाच, की तिथे तबकडी दिसत नाही. ताऱ्याचा प्रकाश तेवढा वेळ किंचित कमी होतो आणि नंतर पूर्ववत होतो. प्रकाश किती घटला यावरून ग्रहाचा आकार कळतो, आणि दोन घटींमधल्या काळावरून त्याचं वर्ष.

अडचण आहे ती लहान ग्रहांची. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून पृथ्वी गेली तर प्रकाश जेमतेम बारा हजारांत एका भागानं घटतो. जमिनीवरून, हवेच्या थरथरीतून, एवढी घट पकडणं जवळपास अशक्य आहे. बेल्जियममधल्या लीज विद्यापीठाच्या मिकाएल जियों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न उलट बाजूनं सोडवायचं ठरवलं. ग्रह मोठा होऊ शकत नसेल, तर तारा लहान निवडावा. त्यांनी अतिथंड खुज्या ताऱ्यांवर लक्ष केंद्रित केलं. असे तारे इतके मंद, की ग्रह शोधणाऱ्या बहुतेकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती.

ट्रॅपिस्ट-१ चा व्यास सूर्याच्या सुमारे बारा टक्के आहे, म्हणजे गुरूपेक्षा थोडासाच मोठा. वजन सूर्याच्या नऊ टक्के. पृष्ठभागाचं तापमान सुमारे २५७० केल्विन, सूर्याच्या निम्म्याहून कमी. अशा ताऱ्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला, तर प्रकाश अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक घटतो. ही घट चिलीतल्या ला सिया वेधशाळेतल्या ६० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीलाही पकडता येते. तिचंच नाव ट्रॅपिस्ट. २०१० पासून ती काम करते आहे, आणि लीजहून दूरनियंत्रणानं चालवली जाते.

पैज मोठी होती. मंद तारा म्हणजे प्रकाशकणांचा दुष्काळ. शिवाय त्याचा बराचसा प्रकाश अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. पण या दारिद्र्यामागे तीन देणग्या दडलेल्या होत्या. तारा लहान, म्हणून घट खोल. तारा थंड, म्हणून पाणी द्रवरूप राहू शकेल असा सुखद उबेचा पट्टा त्याच्या अगदी जवळ आणि तिथल्या ग्रहांची वर्षं अवघ्या काही दिवसांची; वर्षभरात डझनावारी अधिक्रमणं मिळतात. तिसरी देणगी सर्वांत मोलाची होती. तारा हलका असल्यामुळे ग्रहांची एकमेकांवरची ओढ त्याच्या मानानं ठळक ठरते. सूर्याच्या दरबारात पृथ्वी आणि शुक्र एकमेकांना क्वचितच जाणवण्याइतकं ओढतात. इथे मात्र शेजाऱ्याची ओढ घड्याळात दिसते.

ला सिया ते हान्ले

२०१५ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये ट्रॅपिस्ट दुर्बिणीनं या ताऱ्याच्या प्रकाशात पुन्हा पुन्हा घटी टिपल्या. पण चिलीत दिवस उजाडला की तारा दिसेनासा होणार. दीड दिवसानं आणि अडीच दिवसानं येणारे ग्रह चिलीच्या रात्रीचीच वेळ साधतील, असं थोडंच आहे? पृथ्वी फिरत राहते, म्हणून वेगवेगळ्या रेखांशांवरच्या दुर्बिणी हव्यात. मदतीला लडाखमधल्या हान्लेची हिमालयन चंद्रा दुर्बीण आली. समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० मीटरवरची ही दोन मीटर व्यासाची दुर्बीण भारतीय तारा-भौतिकी संस्थेची आहे, आणि ती बंगळूरुजवळच्या होसकोटेहून उपग्रहाच्या दुव्यावरून चालवली जाते. तिच्याबरोबर हवाईतली युकर्ट आणि चिलीतल्या पारानालवरची आठ मीटरची व्हीएलटी यांचीही निरीक्षणं जोडली गेली. मे २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये तीन ग्रहांची घोषणा झाली, आणि त्या शोधनिबंधात हान्लेच्या रात्रीही नोंदल्या गेल्या.

आतले दोन ग्रह, बी आणि सी, स्पष्ट होते. तिसऱ्याचं गणित मात्र जुळत नव्हतं. त्याचं वर्ष साडेचार दिवसांचं असू शकत होतं, तसं ७३ दिवसांचंही. पुढे उलगडलं, की जे एका ग्रहाच्या नावावर मांडलं होतं, ते एकाहून अधिक ग्रहांचं मिळून होतं. ११ डिसेंबर २०१५ च्या रात्री तर व्हीएलटीनं एकाच घटीत तीन ग्रहांचं अधिक्रमण टिपलं होतं. त्या रात्री सी, ई आणि एफ एकाच वेळी ताऱ्यासमोर होते.

गुंता सोडवायला अखंड पाहणं भाग होतं. १९ सप्टेंबर २०१६ पासून नासाची स्पिट्झर अवकाश दुर्बीण जवळपास वीस दिवस याच ताऱ्याकडे लावून ठेवली गेली. ८५ सेंटिमीटर आरशाची ही अवरक्त दुर्बीण २००३ मध्ये उडाली होती. तिचं शीतक द्रव २००९ मध्येच संपलं होतं, पण ४.५ मायक्रॉन तरंगलांबीवर ती अजून उत्तम काम करत होती, आणि हा तारा नेमका त्याच प्रकाशात उजळ आहे. त्या वीस दिवसांत ३४ अधिक्रमणं दिसली. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सात ग्रहांची बातमी जगभर गेली.

सर्वांत बाहेरचा एच त्या वीस दिवसांत एकदाच दिसला. एकदाच दिसलेल्याचं वर्ष कसं सांगणार? पण आतल्या सहा ग्रहांच्या वर्षांत एक शिस्त उघड होती. बी १.५१ दिवसांत, सी २.४२, डी ४.०५, ई ६.१०, एफ ९.२१ आणि जी १२.३५ दिवसांत फेरी पूर्ण करतो. शेजाऱ्यांची गुणोत्तरं आठास पाच, पाचास तीन, तिनास दोन, तिनास दोन, चारास तीन अशी सोप्या अंकांच्या जवळ येतात. गुरूच्या आयो, युरोपा आणि गॅनिमीड या चंद्रांत लाप्लासनं अशी तिघांची गाठ दाखवली होती. इथे तीन-तीन शेजाऱ्यांच्या तशाच गाठी पुढे पुढे बांधल्या गेल्या होत्या. ही साखळी एचपर्यंत ओढली, तर त्याचं वर्ष सुमारे १८.७७ दिवसांचं निघायला हवं, असं वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रॉड्रिगो लुगर आणि सहकाऱ्यांनी मांडलं. केप्लर दुर्बिणीची दुसरी मोहीम, के-२, डिसेंबर २०१६ पासून मार्च २०१७ पर्यंत याच भागाकडे पाहत होती. मार्चमध्ये तिची कच्ची निरीक्षणं खुली झाली आणि एच नेमका तिथेच सापडला.

आपला उशीर, शेजाऱ्याचं वजन

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. आकार कळला, वर्ष कळलं; पण ग्रह दगडाचा की पाण्याचा, लोखंडाचा गाभा असलेला की वायूनं फुगलेला, हे वजन कळल्याखेरीज सांगता येत नाही.

वजन मोजण्याची रूढ रीत म्हणजे ग्रहाच्या ओढीनं तारा किती डुलतो, ते त्याच्या वर्णपटात पाहायचं. पण मंद ताऱ्याचा प्रकाश वर्णपटात पसरला, की प्रत्येक रंगाच्या वाट्याला अगदीच थोडा येतो. शिवाय असे तारे अस्वस्थ असतात. त्यांच्यावरचे डाग आणि भडके स्वतःच खोटी डोलणी तयार करतात. मग ताऱ्याला सोडून ग्रहांनाच एकमेकांचं वजन विचारायचं.

ताऱ्याभोवती एकटाच ग्रह असता, तर त्याची अधिक्रमणं अगदी समान अंतरानं झाली असती. दुसरा ग्रह आला की हा नियम ढळतो. आतला ग्रह वेगवान असतो. तो मागून येताना पुढच्या शेजाऱ्याच्या ओढीनं थोडा पुढे खेचला जातो, आणि ओलांडून गेल्यावर मागे खेचला जातो. बाहेरच्याचं याच्या उलट होतं. कक्षा अगदी वर्तुळाकार असतील आणि भेटी दर वेळी वेगवेगळ्या जागी होत असतील, तर या ओढी जवळपास फिटून जातात. पण वर्षांचं गुणोत्तर तिनास दोनसारखं सोपं असेल, तर भेटी पुन्हा पुन्हा कक्षेच्या त्याच भागात होतात. डीच्या तीन फेऱ्या आणि ईच्या दोन फेऱ्या होईपर्यंत सुमारे बारा दिवस जातात, आणि दोघे जवळपास त्याच दिशेला पुन्हा एका रेषेत येतात. नागपंचमीच्या झोक्याला दर वेळी नेमक्या क्षणी दिलेला हलका हात जसा झोका चढवत नेतो, तशी ही छोटी ओढ साठत जाते.

साठलेली ओढ वेळेत दिसते. एकाची कक्षा किंचित फुगते, म्हणून तो उशिरा येऊ लागतो. दुसऱ्याची तेवढ्याच हिशेबानं आकसते, म्हणून तो लवकर येऊ लागतो. काही काळानं हे उलटतं. गुणोत्तर अगदी तंतोतंत सोपं नसल्यामुळे भेटीची जागा हळूहळू सरकत कक्षेभर फिरून येते, आणि त्याबरोबर उशिराची एक संथ लाट उठते आणि ओसरते. ट्रॅपिस्ट-१ मध्ये या लाटेचा काळ साधारण सव्वा ते दीड वर्षाचा आहे. २०१७ पर्यंतच्या नोंदींतच हे फरक काही ग्रहांसाठी सेकंदांत मोजण्याइतके, तर काहींसाठी अर्ध्या तासाहून मोठे दिसले होते.

या रीतीचं सौंदर्य मला इथे दिसतं. एखादा ग्रह किती चळतो, हे त्याच्या शेजाऱ्याच्या वजनावर ठरतं. डीचा उशीर ईचं वजन सांगतो, ईचा उशीर डी आणि एफचं. स्वतःचं वजन कोणीच स्वतः सांगत नाही. प्रत्येकाची साक्ष शेजारी देतो.

नेपच्यूनपासून केप्लरपर्यंत

वेळ किंवा जागा चुकली, म्हणून न दिसणाऱ्याचा पत्ता लागावा, ही गोष्ट जुनी आहे. १६७६ मध्ये ओले रोमर यांनी गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणं ठरल्यापेक्षा उशिरा होतात, हे पाहून प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो असं दाखवलं. युरेनस आपल्या गणिती वाटेवरून ढळतो, यावरून ल व्हेरिए यांनी अज्ञात ग्रहाची जागा काढली, आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनमध्ये योहान गाले यांना त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. त्याच ल व्हेरिए यांनी बुधाच्या कक्षेतल्या फरकासाठीही असाच एक ग्रह कल्पिला. तो कधीच सापडला नाही. त्या फरकाचं उत्तर १९१५ मध्ये आइनस्टाइनच्या नव्या गुरुत्वसिद्धांतानं दिलं. फरक खरा असतो. त्याचं कारण मात्र तपासूनच ठरवावं लागतं.

अधिक्रमणांच्या वेळेवरून पृथ्वीएवढे ग्रह पकडता येतील, हे २००५ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडलं. एकात मॅथ्यू होलमन आणि नॉर्मन मरे होते, दुसऱ्यात एरिक अ‍ॅगोल, जेसन स्टेफन, रीम सारी आणि विल्यम क्लार्कसन. पाच वर्षांनी केप्लर दुर्बिणीनं पुरावा दिला. केप्लर-९ या ताऱ्याचे दोन मोठे ग्रह १९.२ आणि ३८.९ दिवसांत फिरतात. निरीक्षणाच्या काळात आतल्याचा कालावधी दर फेरीला सरासरी चार मिनिटांनी वाढत होता, आणि बाहेरच्याचा ३९ मिनिटांनी घटत होता. एक रेंगाळतो तेव्हा दुसरा घाई करतो. दोघे एकाच ताऱ्याचे आहेत आणि एकमेकांना ओढत आहेत, याचा याहून स्पष्ट दाखला काय हवा? २०११ मध्ये केप्लर-१९ जवळ तर अधिक्रमण न करणारा, कधीही न दिसलेला ग्रह केवळ शेजाऱ्याच्या पाच मिनिटांच्या चळीवरून ओळखला गेला.

एका ग्रहाची चार वर्षं

ट्रॅपिस्ट-१ कडे परत येऊ, आणि एफ या एकाच ग्रहाच्या वजनाची वाटचाल पाहू. फेब्रुवारी २०१७ च्या पहिल्या हिशेबात तो पृथ्वीच्या ०.६८ पट निघाला, आणि चूक ०.१८ पर्यंत असू शकत होती. आकारानं तो पृथ्वीपेक्षा थोडा मोठा. म्हणजे घनता पृथ्वीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. हा ग्रह पाण्यानं किंवा बर्फानं भरलेला असावा, असं त्या आकड्यांवरून वाटणं स्वाभाविक होतं.

पण तो आकडा लाटेच्या एका तुकड्यावरून काढलेला होता. सव्वा-दीड वर्षाच्या लाटेची उंची थोड्याशा चढावरून सांगताना चूक मोठीच राहणार. त्यात आणखी एक पेच होता. कक्षा थोडी जास्त लंबवर्तुळाकार असेल, तरी लाट उंच होते आणि शेजारी जड असेल, तरी होते. दोन कारणं एकमेकांच्या आड लपतात. त्यांना वेगळं करते ती मोठ्या लाटेवर उठलेली बारीक दातेरी थरथर. प्रत्येक भेटीनंतर वेळेला बसणारा तो छोटा धक्का जवळपास वजनावरच अवलंबून असतो. तो दिसायला मात्र अधिक्रमणं भरपूर हवीत आणि त्यांच्या वेळा नेमक्या हव्यात.

म्हणून निरीक्षणं चालू राहिली. २०१८ मध्ये बर्न विद्यापीठातल्या सायमन ग्रिम यांच्या गटानं २८४ अधिक्रमण-वेळा घेतल्या. प्रत्येक ग्रहाला पाच अज्ञात राशी, सात ग्रहांच्या मिळून पस्तीस. त्या साऱ्या एकाच वेळी बदलत, सातही ग्रहांची एकमेकांवरची ओढ संगणकात पुन्हा पुन्हा चालवत त्यांनी वजनं शोधली. एफ ०.९३ वर आला. २०२१ मध्ये अ‍ॅगोल आणि सहकाऱ्यांनी स्पिट्झरची चार वर्षांची निरीक्षणं, जमिनीवरच्या दुर्बिणी, हबल आणि के-२ यांच्या नोंदी एकत्र केल्या. एकूण वेळा झाल्या ४४७. एफचं वजन निघालं पृथ्वीच्या १.०४ पट, आणि चूक उरली ०.०३ इतकी.

चार वर्षांत एक पाणथळ ग्रह खडकाळ झाला. ग्रह तोच होता. वाढली होती ती नोंदवही. आणि सात ग्रहांची वजनं आणि आकार एकाच आलेखावर मांडले, तेव्हा ते सगळे एकाच ओळीत बसले. त्यांची जडणघडण सारखी असावी, आणि पृथ्वीच्या मिश्रणाचे ग्रह जितके घन असते त्याहून ते किंचित हलके आहेत. याचं एक स्पष्टीकरण असं, की त्यांच्यात लोखंड २१ टक्के असावं. पृथ्वीत ते ३२ टक्के आहे. दुसरी शक्यता अशी, की लोखंड प्राणवायूशी संयोग पावून खडकात मिसळलं आणि वेगळा गाभा झालाच नाही. बाहेरच्या ग्रहांवर पाण्याचा थर असण्याची वाटही अजून मोकळी आहे.

या घनतेत एक सुंदर काटकसर आहे. वेळेच्या फरकांवरून ग्रह आणि तारा यांच्या वजनांचं गुणोत्तर मिळतं. घटीच्या खोलीवरून त्यांच्या व्यासांचं गुणोत्तर मिळतं. अधिक्रमण किती वेळ चाललं आणि किती दिवसांनी पुन्हा आलं, यावरून ताऱ्याची घनता थेट निघते. या तिघांचा गुणाकार-भागाकार केला, की ग्रहाची घनता हाती येते. ताऱ्याचं वजन वेगळं ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

ही अचूकता वर्णपटाच्या रीतीनं मिळवायची असती, तर ताऱ्याचं डोलणं सेकंदाला अडीच सेंटिमीटरपर्यंत मोजावं लागलं असतं. आपली पृथ्वी सूर्याला सेकंदाला सुमारे नऊ सेंटिमीटर डोलवते, आणि तेवढं मोजणंही आजच्या यंत्रांना जमलेलं नाही.

घड्याळ कुठे ठेवायचं?

हे सगळं उभं आहे ते वेळेच्या शुद्धतेवर. अधिक्रमणाचा मध्यबिंदू मिनिटाच्या एका अंशापर्यंत ठरवायचा, तर घड्याळ नुसतं बरोबर असून भागत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना कधी ताऱ्याच्या जवळ असते, कधी दूर. त्यामुळे तीच घटना वर्षातल्या वेगवेगळ्या महिन्यांत आठ मिनिटं लवकर किंवा आठ मिनिटं उशिरा दिसू शकते. रोमर यांना जो उशीर सापडला, तोच इथे प्रत्येक नोंदीतून वजा करावा लागतो. प्रत्येक वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेऊन लिहिली जाते. हान्लेची रात्र, चिलीची रात्र आणि अवकाशातल्या स्पिट्झरचं निरीक्षण तेव्हाच एका पानावर बसू शकतं.

तारा स्वतःही वेळ बिघडवतो. अधिक्रमण चालू असताना भडका उठला किंवा ग्रह डागावरून गेला, तर घटीचा आकार वाकडा होतो आणि मध्यबिंदू सरकतो. २०२१ च्या अभ्यासात अशा काही बेताल वेळा सापडल्या. आठवा ग्रह कल्पूनही त्या जुळेनात. संशोधकांनी त्या वगळल्या नाहीत. अशा अपवादांना किती वजन द्यायचं, हे ठरवणारी गणिती पद्धत त्यांनी वापरली, आणि अपवाद आहेत हे निबंधात स्पष्ट लिहिलं. मला हा प्रामाणिकपणा वजनांइतकाच महत्त्वाचा वाटतो. न जुळणारी नोंद खोडण्याची सवय लागली, तर पुढचा नेपच्यूनही खोडला जाईल.

न जुळणाऱ्या नोंदीचं मोल स्वरमंडळ तारकासमूहातल्या केप्लर-१३८ नं अलीकडेच दाखवलं. हाही एक लाल खुजा तारा, सुमारे २१८ प्रकाशवर्षांवरचा. त्याचा आतला ग्रह मंगळाएवढा, आणि त्याचं वजन २०१५ मध्ये वेळेच्या फरकांवरूनच काढलं गेलं होतं. पुढे हबल आणि स्पिट्झरनं बाहेरच्या ग्रहांची अधिक्रमणं पुन्हा पाहिली, तर वेळा तीन ग्रहांच्या हिशेबात बसेनात. मॉन्ट्रिअलच्या कॅरोलिन पियोले यांच्या गटानं डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं, की ३८ दिवसांत फिरणारा चौथा ग्रह तिथे आहे. त्याला हिशेबात घेतल्यावर मधल्या दोघांची वजनंही बदलली. दोघे पृथ्वीच्या दीडपट व्यासाचे, पण वजनानं सुमारे दुप्पटच निघाले. खडकासाठी हे फार हलकं. त्यांच्या घनफळाचा मोठा भाग पाण्याचा असावा, असा त्या गटाचा निष्कर्ष आहे. ट्रॅपिस्टच्या एफचं पाणी हिशेबानं आटवलं, इथे हिशेबानंच पाणी दाखवलं.

वेबची वेळ

स्पिट्झर ३० जानेवारी २०२० रोजी निवृत्त झाली. तिनं या एका ताऱ्यासाठी हजार तासांहून अधिक वेळ दिला होता. त्या तासांचा वारसा आज जेम्स वेब दुर्बीण वापरते आहे. वेबचा एकेक तास मोलाचा असतो. ग्रह अर्धा तास उशिरा येणार असेल, तर ते आधी ठाऊक असलंच पाहिजे. २०२३ मध्ये वेबनं बी आणि सी ताऱ्यामागे जाताना पाहिले. बीची दिवसाची बाजू सुमारे ५०० केल्विन तापलेली निघाली, सीची सुमारे ३८०. दोघांवरही दाट वातावरणाची खूण मिळाली नाही.

साऱ्यांचं लक्ष आता ईवर आहे. वजन पृथ्वीच्या ०.६९ पट, व्यास ०.९२ पट, आणि ताऱ्यापासूनचं अंतर असं, की वातावरण असेल तर पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल. २०२५ मध्ये वेबच्या पहिल्या चार अधिक्रमणांचे निष्कर्ष आले. हायड्रोजनचं मूळ आवरण तिथे नाही, एवढं कळलं. नायट्रोजनसारख्या जड वायूंचं वातावरण आहे की नाही, हे ताऱ्याच्या डागांच्या गोंधळात ठरवता आलं नाही. त्यावर काढलेला उपाय या लेखाच्या विषयात चपखल बसतो. बी आणि ई पाठोपाठ ताऱ्यासमोरून जातील अशा वेळा निवडायच्या. बीवर दाट वातावरण नाही, म्हणून त्याच्या वर्णपटात जो विकार दिसेल तो ताऱ्याचा मानायचा आणि ईच्या वर्णपटातून वजा करायचा. दोन ग्रहांच्या भेटीगाठींचं असं वेळापत्रक आधी मांडता येतं, कारण त्या ४४७ वेळा कोणीतरी टिपून ठेवल्या आहेत. चाळीस प्रकाशवर्षांवरच्या खडकावर हवा आहे का, या प्रश्नाचं उत्तर त्या वहीच्या भरवशावर शोधलं जात आहे.

आपल्याला काय करता येईल

ट्रॅपिस्ट-१ हौशी दुर्बिणीच्या आवाक्यातला तारा नाही. पण वेळ टिपण्याचं काम त्याच्यापुरतं मर्यादित नाही. युरोपीय अवकाश संस्थेच्या नियोजित एरियल मोहिमेला शेकडो ग्रहांच्या अधिक्रमणांच्या ताज्या वेळा लागणार आहेत. त्यासाठी 'एक्सोक्लॉक' नावाचा खुला प्रकल्प चालतो, आणि त्यात जगभरचे हौशी निरीक्षक आपल्या लहान दुर्बिणींनी घेतलेल्या वेळा देतात. जंबुक तारकासमूहातल्या एचडी १८९७३३ या ताऱ्याचा मोठा ग्रह दर २.२ दिवसांनी ताऱ्यासमोरून जातो आणि प्रकाश सुमारे अडीच टक्क्यांनी घटवतो. दिवाळीच्या संध्याकाळी हा तारा आपल्या पश्चिम आकाशात चांगला उंच असतो. आठ इंची दुर्बीण, साधा खगोलीय कॅमेरा आणि इंटरनेटशी किंवा जीपीएसशी जुळवलेलं घड्याळ एवढ्यावर त्याची घट नोंदता येते.

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाश पाहते आहे. मुंबई, कल्याण आणि राज्यातल्या लहान-मोठ्या गावांतही निरीक्षकांचे गट आहेत. पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत आपल्याकडे निरीक्षणाला मोठा हंगाम मिळतो. आपला रेखांशही उपयोगाचा, कारण युरोप आणि अमेरिकेत दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते, आणि हान्लेनं २०१५ मध्ये नेमकी तीच जागा भरून काढली होती. महाविद्यालयांच्या गच्चीवर धूळ खात पडलेल्या दुर्बिणींना हे काम द्यावं. एका विद्यार्थ्यानं एका रात्री काढलेला एक आलेख वातावरणाचा शोध लावणार नाही. पण तो तारखेसह, घड्याळाच्या शुद्धतेसह, जुळला असो वा नसो, खुल्या वहीत जमा झाला, तर वीस वर्षांनी एखाद्या ग्रहाचं वजन काढणाऱ्याला तो लागेल. ट्रॅपिस्टच्या सात ग्रहांची वजनं अशाच एकेका रात्रीच्या बेरजेतून निघाली आहेत, आणि त्या बेरजेत आपल्या रात्रींचीही भर पडायला हवी.